एका चुंबकापायी तीन दिवस

...आणि वर मलाच विचारतात, ‘एका चुंबकापायी तीन दिवस?’ अहो, ते तीन दिवस मी काय सासुरवाडीला जेवत होतो? भट्टीच्या पोटात होतो, मान वर करून, कंबरेचा पार काटा ढिला!

तुम्हाला सांगतो, मी वेल्डर. भट्टीचं कवच लोखंडाचं आणि आतून काँक्रीटचं जाडजूड अस्तर, आग सोसणारं. आता छताचं अस्तर उलटं लटकून राहतं ते काय देवाच्या भरवशावर? त्याला धरतात आकडे! स्टेनलेसचे, वीतभर, दोन शिंगांचे. एकेक जोडायचा, हातोडी मारायची, आवाज ऐकायचा... खणखणीत आला तर पुढचा, बद्द आला तर पुन्हा. शिंगांना प्लॅस्टिकची टोपडी घालायची, म्हणजे ती जळून जातात आणि आकडा तापला की त्याला फुगायला जागा मिळते. बायको म्हणते, “घरच्या पोराला कधी टोपडं घातलंत?” असे बावीसशे आकडे! मग काँक्रीट भरलं की सगळे गडप. केलेलं काम जन्मात कुणाला दिसायचं नाही. पण सांगणार कुणाला?

तर झालं काय, आकड्यांची शेवटची पेटी घाईत चुंबक लावून तपासायची राहिली. चूक माझी, कबूल! निम्मी जोडून झाली आणि खिशातला चुंबक निसटला तो पेटीतल्या आकड्याला टक्कन चिकटला. मी जोडणं तिथंच थांबवलं! कारण आपल्याला लागतं त्या जातीच्या स्टेनलेसला चुंबक चिकटतच नाही. म्हणजे हा माल भलताच, एवढ्या आगीत तग न धरणारा. आणि त्या छताखाली भट्टीच्या दाराशी उभा कोण राहतो? माझा सख्खा मेहुणा!

खरेदीवाल्याकडे गेलो. तो खुर्चीतूनच, “चमकतंय ना? मग स्टीलच आहे!” अहो, चमकतं तर माझं टक्कलही, लावू का छताला? साहेब घड्याळाकडे बघत, “थोडे राहिले तर काय बिघडतं?” मी म्हटलं, “साहेब, खाली तुम्ही उभे राहता?” मग मात्र साहेबांना एकदम फोन आला... न वाजताच!

शेवटी कापले. एकशे सत्तर आकडे, एकेक, ठिणग्या कॉलरमधून थेट बनियनमध्ये. नवे मागवले, जोडले, ठोकले. भट्टी तीन दिवस उशिरा पेटली आणि मेहुण्याची सुट्टी रद्द! घरी बायको, “माझ्या भावाच्या सुखावर तुमचा डोळाच आहे!” अगं बाई, डोळा आहे म्हणून तर... पण सांगणार कुणाला?

आठ महिने झाले. छताचा खडासुद्धा पडला नाही. परवा मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणतात, “बघा, काहीच झालं नाही! म्हणजे ते तीन दिवस उगाचच घालवले ना?”  काही झालं नाही, हेच तर मी केलं होतं हो! ते सिद्ध करायला आता छत पाडून दाखवू?

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि सगळ्यात जोरात कोण? मेहुणा!

मी मनातल्या मनात म्हटलं, डोलाव बाबा... डोलवायला मान जागेवर आहे, तेवढं पुरे.