मुंबईचा कुंदन

सुरतमध्ये पर्वत पाटियाच्या बसथांब्यावर माझ्यामागे बहीणभाऊ उभे होते.

“कुंदन, हिमालयातून आल्यापासून गप्प का रे?”

“ताई, जोहार खोऱ्यात एका म्हातारीकडे उतरलो होतो. ट्रेकच्या ग्रुपला मी मुंबईचा म्हणून सांगितलं होतं, मग तिलाही तेच सांगितलं.”

“सुरतची, आपल्या डिंडोलीची लाज वाटली तुला?”

“वाटली. ती म्हणाली, माझा मुलगा सुरतला साडीच्या मिलमध्ये आहे, दोन वर्षं फोन नाही. सुरतचं कोणी आलं तर द्यायला तिने राजमा बांधून ठेवलाय.”

“मग आणायचास ना, शहाण्या.”

“सगळे समोर बसले होते, ताई.”

“निदान मुलाचं नाव तरी?”

“मुंबईच्या माणसाने ते कशाला विचारायचं?”