राइसाची उशी

—नाही, उभं राहून मागितलंत तरी मिळणार नाही आणि बसून मागितलंत तरी मिळणार नाही, तेव्हा बसूनच मागा, डॉक्टर, निदान पाय तरी दुखणार नाहीत. ती खुर्ची नको, ती काट्यावरची आहे— बसलात तर तुमचं वजन लागेल आणि मला उगाच ते यानात धरावंसं वाटेल. इकडे या, खिडकीशी. चहा ओतते. साखर नाही, मध आहे, आणि साधासुधा नाही, वर जाणार्‍या आपल्या रोद्याच्या आईने र्‍याझानहून पाठवलेला. पोराला वजनाच्या धाकाने खाता येत नाही, म्हणून बरणी माझ्यापुढे आणून ठेवली— राइसा झाखारोव्ना, म्हणाला, हा तुमच्यात भरा, माझ्यात भरलात तर कापाल. घ्या, भरपूर घ्या. तुम्हाला कोणी अवकाशात पाठवत नाहीये.

तर आलात शेवटी. मी ग्लेबला म्हणतच होते, सगळे येऊन गेले, तो सारातोवचा डॉक्टर तेवढा राहिला, बघ, शेवटच्या दिवशी येईल. आणि आलातच. आज संध्याकाळी यान शेवटचं काट्यावर चढणार, उद्या गाडीत, आणि गाडी थेट दक्षिणेला, तळावर— म्हणजे अगदी मुहूर्त गाठलात. अहो, लाजताय कशाला? माझ्याकडे येणारा प्रत्येक जण मागायलाच येतो. रॉकेट उचलतं तेवढंच उचलतं, त्याला कोणाची भीड नाही. वर एक पिशवी बटाटे जास्त झाले तर रोद्या कक्षेत जायचा तो कुठल्यातरी जंगलात अस्वलांच्या पंगतीला बसेल. म्हणून मी. वजन विभाग म्हणजे ही खोली, हा काटा आणि ही बाई. वर जाणारी एकूण एक वस्तू माझ्या हाताखालून जाते— टाकी, तार, खुर्ची, रोद्या, रोद्याचे मोजे.

आणि प्रत्येक जण खोटं बोलतो. हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल म्हणा, तुम्ही तर— असो, तुमच्यावर येतेच मी. आमचा शोता बघा, रेडिओवाला. तिबिलिसीचा माणूस, भेटला की हाताचं चुंबन घेणार, आणि रेडिओ तोलायला आणणार तो लाकडी खोक्यासकट. खोकं काढ म्हटलं तर म्हणतो, कुठलं खोकं? खोकं दिसतंय मला, शोता, त्यावर ‘काच, सांभाळा’ लिहिलंय. आणि माझा स्वतःचा नवरा. ग्लेब घरी इतका सरळ की शेजारणीच्या मांजरालासुद्धा फसवायचा नाही, आणि इथे? पॅराशूटच्या दोर्‍या ओल्या करून तोलतो. ओल्या, डॉक्टर. काट्याखाली थारोळं साचलेलं, आणि हा म्हणतो, हवा दमट आहे. रात्री जेवताना मी कटलेट वाढलं तर म्हणाला, लहान वाटतंय. मी म्हटलं, दहावा हिस्सा कापलाय, सवयीने.

हो, तेच, दहावा हिस्सा. सगळ्यांना वाटतं राइसा हिशेब करते. कसला हिशेब? मला ठाऊक असतं की प्रत्येकाने खरं वजन सांगताना वर थोडं खिशात घातलंय, अडीअडचणीला म्हणून, आणि तो खिसा साधारण केवढा असतो तेही ठाऊक असतं. मग मी डोळे मिटून सगळ्यांचा दहावा हिस्सा कापते. मग रडारड. हे काढलं तर माणूस मरेल, ते काढलं तर माणूस मरेल— इतके मेलेत माझ्या या खोलीत की दफनभूमी अपुरी पडेल. मी म्हणते, बरं, मरू द्या. आणि दुसर्‍या दिवशी तेच यंत्र परत येतं, नेमकं कापून सांगितलं तेवढ्याच वजनाचं, आत एक तारसुद्धा कमी न करता, आणि मालक असा चेहरा करून उभा की जणू पोटचं पोर आघाडीवर धाडलंय. खिसा रिकामा केला, बस्स. त्याला कळतं मला कळलंय, मला कळतं त्याला कळलंय. असं आमचं चालतं, आणि छान चालतं. पहिला माणूस वर जाऊन धडधाकट परत आला तो असाच.

पण तुम्हाला मात्र मानलं. खरं सांगते, मानलं. इथे मुरलेल्या लोकांना जमलं नाही ते तुम्ही आल्या आल्या केलंत. सगळे आपले गोल आकडे सांगतात— वीस किलो, तीस किलो— आणि गोल आकडा दिसला की लहान मूलही म्हणेल, इथे काहीतरी भर आहे. आणि तुम्ही? ग्रॅमपर्यंत. श्वासाची सगळी सामग्री, नळी वेगळी, झडप वेगळी, बाटल्या वेगळ्या, औषधवाल्यासारखं तोलून, शेवटी कसलेतरी वाकडेतिकडे ग्रॅम. मी शोताला दाखवलं. म्हटलं, बघ, शीक काहीतरी, याला म्हणतात थाप. असा वेडावाकडा आकडा टाकलाय की वाटावं माणसाने शपथेवर तोललंय. शोता टोपी काढून उभा राहिला, देवाशप्पथ. आणि मग वजनं कापायच्या बैठकीत तुम्ही उठून इतक्या साळसूदपणे विचारलंत— यातलं सगळंच आवश्यक आहे, तरी कापायचंच का? मी म्हटलं, डॉक्टर, इथे सगळ्यांचंच सगळं आवश्यक असतं. हशा पिकला. तुम्हीसुद्धा हसलात ना? मला वाटलं हसलात.

घ्या ना चहा, गार होतोय.

बरं, आता माझं ऐका, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. माझ्याकडे काही नाही. सकाळीच आमचे मुख्य येऊन गेले, असे दारात उभे, कोट न काढता. म्हणाले, राइसा, वरून फोन आलाय, एक पितळी चिन्ह बसवायचंय आत, छायाचित्रात दिसेल असं. आहे का तुझ्याकडे काही? मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, एक खिळाही नाही. जरा हसले आणि गेले. आणि यानातल्या खुर्चीखालच्या त्या शिशाच्या पाट्यांवर तर मुळीच डोळा ठेवू नका. सगळे ठेवतात. ‘राइसाची उशी’ म्हणतात तिला माझ्यामागे, मला कळत नाही असं वाटतं त्यांना. ती समतोलाची आहे. यान गोल, खाली येताना बूड खालीच राहायला हवं, आणि बूड खाली राहायचं तर ते जड हवं, हे कुठलीही बाई सांगेल. उशी हलणार नाही. तर बोला, किती हवंय? अर्धा किलो? एक? बोला हो, नाही तर म्हणणारच आहे मी, पण मागायचा मान तरी घ्या.

काय म्हणालात?

काहीच नको? मग आलात कशाला? म्हणजे मध बरा आहे, पण—

कापलंत. हो, सगळेच कापतात. दहावा हिस्सा, बरोबर. मग झालं की. तुमचा खिसा—

कुठला खिसा म्हणजे?

डॉक्टर, हे बघा, दार बंद आहे, शोता नाही, कोणी नाही. मला सांगा. तुम्ही वजन सांगितलंत त्यात वर किती घातलं होतंत? अडीअडचणीला म्हणून. थोडं. चमचाभर. काहीच नाही? ते ग्रॅम— ते तसेच होते? तोलून? तुम्ही बसून खरोखर ते सगळं तोललंत आणि आलं ते तसंच मला सांगितलंत? का? कोणी सांगितलं होतं तुम्हाला असं करायला? नाही, थांबा, आता तुम्ही बोलू नका, मी विचारते. मग दहावा हिस्सा आला कुठून? तुम्ही काढलंत काय?

राखीव बाटली.

म्हणजे यानाची हवा गळाली आणि पहिल्या बाटलीची झडप अडकली, तर पोशाखात जिच्यातून श्वास घ्यायचा, ती. ती बाटली. काढलीत. आणि नुसती काढली नाहीत, पट्टे काढलेत, बूच मारलंत आणि कपाटात ठेवलीत. शिस्तीत. चाचणीत पहिली झडप एकदाही अडकली नाही, हो, ऐकलं मी, म्हणून दुसरी त्यातल्या त्यात— अहो, पण पहिली आजवर अडकली नाही म्हणून का कोणी दुसरी ठेवतं, ती उद्या अडकेल म्हणून ठेवतात. तुम्हाला काय सांगते मी, तुम्हाला माहीत आहे. म्हणून तर बैठकीत विचारलंत. आणि हसला नव्हतात. नाही, आठवतंय आता, तुम्ही खाली बघत होतात.

मूर्ख माणूस. नाही, तुम्हाला म्हणत नाहीये. तुम्हालाच म्हणतेय. अहो, तुम्हाला रडायला काय झालं होतं? शोता अँटेनाच्या वेष्टनासाठी माझ्यासमोर गुडघ्यावर बसला, खरे अश्रू काढले त्याने, वेष्टनासाठी, आणि तुम्ही माणसाचा श्वास काढून ठेवता आणि एक शब्द नाही? तुम्हाला वाटलं काय, मी समजून उमजून कापते? हॉस्पिटलात डॉक्टरने म्हटलं की एवढं औषध हवं, तर परिचारिका म्हणते का की दहावा हिस्सा कमी देते, तुम्ही वाढवूनच सांगितलं असणार? नाही म्हणत. बरोबर. तिथे नाही म्हणत.

मग आज कशासाठी आलात? नुसतं कळवायला नाही ना?

रोद्याला सांगायचंय.

हं. आणि तो विचारेल, कोणी काढायला लावली. आणि ते मी सांगावं. तुमच्या शेजारी उभं राहून. एवढंच मागायला आलात. माझ्या खोलीत येऊन आजवर कोणी किलोपेक्षा जड काही मागितलं नव्हतं, डॉक्टर. भीती वाटते मला. युद्धात मी बॉम्बफेकी विमानं तोलली, तेव्हा वाटली नाही इतकी. मागच्या आठवड्यात रोद्या त्या काट्यावरच्या खुर्चीत बसला होता, केससुद्धा कापून आला होता, की तेवढंच हलकं. म्हणाला, यातून आता काय काढणार? मी म्हटलं, जीभ.

बसा. उठू नका. पुरं ऐका. बाटलीचं वजन किती? पट्टे, झडप, सगळं धरून? तुम्ही सांगाल ते खरंच असणार, दुर्दैव माझं. एवढंच? मग बाटली बसते. कुठे म्हणजे? खुर्चीखाली बसते. उशीत दोन पाट्या आहेत. खालची समतोलाची. वरची— वरची माझी आहे. मीपण खिसा ठेवते, झालं समाधान? सगळे ठेवतात, मग मी का नाही? शेवटच्या दिवशी कोणालातरी आठवतं की रंग तोलायचाच राहिला, कोणालातरी आठवतं की पितळी चिन्ह हवं, आणि मग सगळे राइसाकडे बघतात, आणि मी एक उसासा टाकून वरची पाटी काढते आणि देशाची लाज राखते. दुपारी त्या चिन्हासाठी काढणारच होते मी ती. आधी नाही म्हणायचं, मग द्यायचं, म्हणजे किंमत राहते. पितळासाठी शिसं राखून ठेवलं होतं, डॉक्टर, आणि पोराच्या हवेला म्हटलं, जागा नाही.

तो फोन द्या इकडे. तार नका ओढू, अख्खा उचलून द्या.

—जोडणी विभाग? नझार? राइसा बोलतेय. यान अजून उघडं आहे ना? उशी काढ. माझी उशी, हो, तीच, मला कळत नाही असं समजून तुम्ही जिला तसं म्हणता ती. वरची पाटी उचल, तिच्या जागी डॉक्टर बाटली घेऊन येतायत, ती पट्ट्याने बांध, आणि मग सगळं पुन्हा काट्यावर चढव. पितळ? पितळ बसत नाही, मुख्यांना मी सांगते. काय? हसतोयस का तू? ... कोणाला माहीत होतं? ... शोतालाही? ... ग्लेबला कधीपासून? म्हणजे माझ्या घरात, माझ्या ताटावर बसून— आणि मुख्यांना? ... सकाळी तुला येऊन काय म्हणाले? ‘दुपारपर्यंत देईल, घाई करू नका.’ असं म्हणाले. बरं. बरं, नझार. ठेव.

ऐकलंत? सगळ्यांना माहीत होतं. वरच्या पाटीचं वजनसुद्धा माहीत होतं, पैजा लागल्या होत्या म्हणे. मी त्यांना फसवत होते, ते मला फसवत होते, कोणीच फसत नव्हतं. अख्ख्या इमारतीत माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवणारे तुम्ही एकटेच निघालात, आणि त्यात रोद्याचा जीव जायचा होता.

जा आता. बाटली आणा कपाटातून, पळत आणा, तुमच्या वयाला झेपेल तेवढं पळत. रोद्याला मी सांगेन. हो, सगळं. बाटली परत बसली तरी काढली होती ना— तेही सांगेन, आणि कोणी ते पहिल्याच वाक्यात. तुम्ही शेजारी उभे राहा, मी काही गाळलं तर खाकरा. मध राहू द्या तिथेच, नकोय मला तो आज.

आणि डॉक्टर. पुढच्या यानाच्या वेळी कृपा करून खोटं बोला. दहावा हिस्सा, जास्त नाही. खर्‍याची मला सवय नाही.

दार ओढून घ्या.