बंद दारापुढं थांबलेली पालखी

जत्रेचं नाव काढलं म्हणून सांगतो. पोरगा इटलीत नोकरीले आहे, तर मागच्या वर्षी मी अन् सुमन त्याच्याकडं गेलतो. त्यानं आमाले डोंगरातल्या एका गावची जत्रा दाखवाले नेलं. गाव लहानसं, अर्ध्या घरांले कुलूप. चार म्हातारे त्यांच्या संताची मूर्ती खांद्यावर घेऊन निघाले. आपल्या वडनेरच्या पालखीसारखीच ती दारोदारी थांबे अन् घरचे लोकं बाहेर येऊन फुलं वाहत.

एका कुलूपबंद दारापुढंही ती थांबली. कोणी आलं नाई. मी बाजूले पाह्यतो तर सुमन नाई. ती त्या घराच्या पायरीवर होती. डोक्यावर पदर घेऊन तिनं मूर्ती धरलेल्या समोरच्या म्हाताऱ्याच्या एका बुटावर बाटलीतलं पाणी ओतलं.

पोरानं धावत जाऊन तिचा हात धरला. "आई, काय करून राह्यली तू?"

"देव दारात उभा आहे अन् घरात बाई नाई. मंग पाणी कोणं टाकावं?"

पोरानं शरमून म्हाताऱ्याले सांगितलं, का आमच्याकडं पालखी दारात आली की घरची बाई खांदेकऱ्यांच्या पायावर पाणी टाकते.

म्हातारा त्या कुलुपाकडं पाहत काहीतरी बोलला. पोरानं हळूच आमाले सांगितलं, "घर त्याचंच आहे. बायको गेल्यापासून बंद आहे."

सुमन ओशाळून बाटलीचं झाकण लावून राह्यली होती.

म्हाताऱ्यानं दुसरा पाय पुढं केला.