बाजूची लाईन

(दवाखान्यातली खोली. पलंगावर अण्णा, प्लंबर. शेजारी त्यांच्या हाताखाली काम शिकलेली लेक.)

लेक : चपला काढा आणि मुकाट्याने आडवे व्हा. तासाभरात ऑपरेशनला न्यायला येतील.

अण्णा : सही कुठे केलीय मी? तो हृदयाचा फोटो दे. उजेडाकडे धर.

लेक : सकाळपासून चौथ्यांदा बघताय.

अण्णा : काम बघण्यासारखं आहे. मोठ्या लाईनीला फांदी, फांदीला डहाळी, तिला केसाएवढी काडी. एकही काटकोन नाही गं. मी जन्मभर एल्बो मारत राहिलो.

लेक : खिडकीबाहेरच्या झाडालाही काटकोन नाही. त्याचं नाही कधी कौतुक केलंत.

अण्णा : झाड माझ्याकडे सही मागत नाही.

लेक : हे बघा, फांदी फुटते तिथेच अडलंय. तीन ठिकाणी.

अण्णा : गाळ फाट्यालाच धरतो, मीच शिकवलंय तुला. मग उघडा नि साफ करा म्हणावं.

लेक : नाही होत. बाजूने नवी लाईन टाकणार. पायातली नस काढून.

अण्णा : म्हणजे जुना माल.

लेक : घरचाच आहे. आपण माळ्यावरचे तुकडे वापरत नाही?

अण्णा : वापरतो. पण बाजूने लाईन नाही टाकत. भिंत फोडायचा ज्याला आळस, तो बाजूने जातो. किती जणांना कामावरून काढलं त्यापायी?

लेक : मला धरून तीन.

अण्णा : तुला परत घेतलं.

लेक : आठ दिवसांनी. आईने तुमचं ताट वाढणं बंद केल्यावर.

सिस्टर : (दारातून) आजोबा, झाली का सही?

लेक : पाच मिनिटं, सिस्टर.

सिस्टर : मघाशीही पाचच होती. डॉक्टर खोळंबलेत. तुमचं नसेल तर दुसऱ्याला घेतील आत.

लेक : गेली ती. अण्णा, पुन्हा उठलात? बसा की एका जागी. कसली भीती वाटतेय?

अण्णा : मेन कॉक बंद करणार ना?

लेक : हो. तेवढा वेळ मशीन चालेल.

अण्णा : बंद कोणीही करतं. चाळीस वर्षं झाली, उघडताना मी अजून अर्धा-अर्धा आटाच फिरवतो. पहिलं पाणी येतं तेव्हा कुठला जोड दगा देईल, सांगता येत नाही.

लेक : म्हणून तर जोडाला कान लावून बसता. मी दाराबाहेरच असेन.

अण्णा : ...एकदा मीही टाकलीय. बाजूने.

लेक : तुम्ही? कुठे?

अण्णा : आपल्या स्वयंपाकघरात. भिंतीत गळत होतं. छिन्नी लावली आणि थांबलो. तुझी आई दर वाढदिवसाला तिथे तुझी उंची आखायची, पेन्सिलीने. सहा रेघा झाल्या होत्या.

लेक : ती ओट्यामागची नळी? मी विचारलं तर म्हणालात, आधीच्या भाडेकरूचा गाढवपणा.

अण्णा : मग काय सांगायचं होतं?

लेक : म्हणजे मी सहा वर्षांची होते. सत्तावीस वर्षं झाली तिला.

अण्णा : गळते?

लेक : आज सकाळी तिच्याच पाण्याने तुमचा डबा धुतला. कोरडी ठणठणीत आहे.

अण्णा : पेन दे. आणि चपला पलंगाखाली ठेव. उतरलो की पायात येतील अशा.