हललेले फोटो

येडशीहून बस सुटली आणि पुढच्या सीटवरचं भांडण हर्षालीच्या कानावर पडू लागलं. नातवाच्या बारशाहून परतणारं जोडपं होतं. कॅमेरा नवऱ्याच्या मांडीवर.

“ह्यात मी कुठं हाय?”

“ही काय, पाळण्यामागं.”

“हा धूर म्हंजी मी व्हय? डोंबलाचे फोटो! तुमच्या बहिणी बऱ्या बाहुल्यांवानी उमटल्या!”

“त्या हलल्या न्हाईत. लाईट गेलती, इन्व्हर्टरवर एकच बल्ब. कमी उजेडात कॅमेरा दमानं फोटो घेतो. हलणारं माणूस पुसून जातं.”

“मग फ्लॅश मारायचा!”

“लेकराचे डोळे दिपले असते.”

“घुगऱ्या म्या वाटल्या, ओट्या म्या भरल्या. मी बसले असते तर तुमच्या बहिणी उठल्या असत्या का वाढायला?”

“अगं, पण घटकाभर थांबायचं.”

“पाळणा हलत होता, तर तुमी हातानं धरून थांबवला. मला एकदा तरी थांब म्हणलात का?”

“ध्यानातच आलं न्हाई गं. पुढच्या कार्यात काढतो तुझा एकटीचा.”

“कार्यात कशाला? मी मेल्यावर काढा. तवा अजिबात हलणार न्हाय.”