गाडी सुटली, सायकल अडकली

मोबाइल हरवल्याची तक्रार द्यायला आलेली शिंपीणबाई पोलीस चौकीच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढचा म्हातारा हवालदाराकडे सायकल मागत होता.

"काका, किती वेळा सांगू? सायकल मुद्देमालात जमा आहे. खटल्याचा निकाल लागेपर्यंत मिळायची नाही."

"आणि जिनं माझ्या बायकोला उडवलं, ती गाडी?"

"ती सोडली. मालकाला रोज कामावर जावं लागतं."

"मग माझी बायको काय हवा खायला निघाली होती? तीही कामावरच निघाली होती ना?"

"अहो, पण काकू सायकलींसाठीचा पट्टा सोडून रस्त्यात आल्या."

"पट्ट्यात गाड्या लावलेल्या. त्यांच्यावरून उडत जायचं होतं का तिनं?"

"तिथं गाड्या लावायला बंदी आहे, काका."

"बंदी पाटीवर आहे. आत्ता येताना बघून आलो, आजही रांग लागलीय. एकाची तरी पावती फाडलीत?"

"माणसं कुठायत आमच्याकडे? दोघं जण कुठं कुठं पुरणार! बाई, तुम्ही या पुढं. तुमचं काय?"

"त्यांचं होऊ द्या आधी," शिंपीणबाई म्हणाली.

"बरं काका, ती मोडकी सायकल नेऊन करणार तरी काय?"

"रस्त्याच्या मधोमध आडवी टाकणार. गाडीवाल्यांची वाट अडली, की तुमची माणसं बरोबर सापडतील."