कोणाच्या हातून दीक्षा

(अक्कलकोट रस्त्यावरचं छोटं चर्च. बाकांवर बिशप, इथले पाळक अजिनाथ आणि मंडळीनं निवडलेल्या 'वडील', म्हणजे चर्चच्या ज्येष्ठ कारभारी, मायाक्का.)

बिशप : तुमची आणि आमची, दोन्ही मंडळ्या एक व्हायला आता एवढीच अडचण उरलीय, पाळकसाहेब. आमच्याकडं पाळकाची दीक्षा बिशपच्या हातून होते. तुमची तशी झाली नाही.

अजिनाथ : झाली की दीक्षा. पाळकांनी आणि वडिलांनी मिळून डोक्यावर हात ठेवले. आमच्यात बिशप नसतोच.

बिशप : म्हणून म्हणतो, पुन्हा एकदा गुडघे टेका. पाच मिनिटांचं काम.

मायाक्का : त्या हात ठेवनाऱ्यांत मी व्हते, साहेब. ते हात खोटे व्हते व्हय?

बिशप : खोटे कोण म्हणतंय?

मायाक्का : मग पुन्यांदा कशाला? माझ्या मालकाला ह्यांनी माती दिली. नातीचा बाप्तिस्मा केला. ह्यांची दीक्षाच कच्ची, तर ते समदं कच्चंच की.

अजिनाथ : राहू द्या, मायाक्का. मी टेकतो गुडघे. मूठभर घरं उरलीत आपली. माझ्या मानापायी एकी मोडायला नको.

मायाक्का : मान तुमच्या एकट्याचा न्हाय.

बिशप : मायाक्का, तुमच्या रीतीनं माझी दीक्षा पक्की आहे का?

मायाक्का : इमानानं सांगू? आमच्यात आदी मंडळीनं निवडावं लागतं. तुमास्नी कुन्या मंडळीनं निवडलं, मला ठाव न्हाय.

बिशप : म्हणजे मीही कच्चाच.

मायाक्का : तसं न्हाय म्हनले मी...

बिशप : म्हणा की. मग असं करू. रविवारी आधी मी गुडघे टेकतो. तुम्ही दोघं माझ्या डोक्यावर हात ठेवा. मग मी पाळकसाहेबांच्या ठेवीन. आधीचं कोणाचंच पुसायचं नाही.

अजिनाथ : तुमची माणसं चालवून घेतील?

बिशप : काही रागावतील. त्यांच्या घरी मी जाईन.

(रविवारी, उपासना संपल्यावर.)

अजिनाथ : तुम्ही गुडघे टेकलेत आणि तुमच्यातले तिघं उठून गेले, साहेब.

बिशप : बघितलं मी. मान खाली होती, तरी पावलं ऐकू आली.

मायाक्का : त्यातला एकजन दारातच थांबला व्हता. पांढऱ्या मिशांचा. प्रभुभोजन सुरू झालं तसा आत आला. त्येला भाकर मीच दिली.

बिशप : तुमच्या हातून घेतली? काही बोलला?

मायाक्का : आमेन म्हनला. लई हळू. पन म्हनला.